जखमेतला प्रवाह: भाजलेली कातडी विजेने लवकर भरते का?

शिमग्याच्या सुमारास आमच्या वाडीतील एका काकींच्या हातावर पेजेचे भांडे कलंडले. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले, तालुक्याच्या गावी मलमपट्टी सुरू झाली, आणि आठवडाभराने मुंबईच्या नातवाने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. उंदराच्या पाठीवर चिकटवलेली एक पातळ पट्टी त्यात दिसत होती, आणि ही पट्टी जखमेला वीज देते व जखम लवकर भरते, असे खाली लिहिले होते. काकींनी मला विचारले, "भाजल्यार आता करंट लावतत म्हणे. खरा काय ता?"

एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही. "हो" म्हणावे, तर उद्या कोणीतरी घरातले कंबरदुखीचे मशीन फोडावर लावून बसेल. "नाही" म्हणावे, तर ते खोटे ठरेल, कारण त्या व्हिडिओमागील कल्पना शास्त्राला धरून आहे आणि तिचा मागोवा पावणेदोनशेहून अधिक वर्षे घेतला जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. आपल्याकडे चुलीवरची पेज, मासे तळताना उडणारे तेल, काजूच्या सालीतील दाहक चीक, राब भाजताना अंगावर आलेली झळ, अशी निमित्ते घरोघरी असतात. त्यामुळे हा विषय मुळापासून समजून घेणे उपयोगाचे आहे.

कातडी ही स्वतःच एक बॅटरी आहे

आपण कातडीला वेष्टन समजतो, पण ती जिवंत बांध आहे. तिच्या वरच्या थरातील पेशी बाहेरच्या बाजूने सोडियमचे, म्हणजे मिठातील एका घटकाचे, विद्युतभारित कण आत घेतात आणि शरीराच्या आतल्या बाजूला ढकलत राहतात. हे काम अहोरात्र चालते. परिणामी कातडीची आतली बाजू बाहेरच्या बाजूच्या तुलनेत धन राहते आणि दोन्ही बाजूंमध्ये साधारण १० ते ६० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. बॅटरीतील साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्टचा असतो. त्याच्या पंचविसाव्या भागाइतकाही हा फरक क्वचितच असतो, पण पेशींच्या दृष्टीने तो पुरेसा मोठा आहे.

कातडी अखंड असेपर्यंत या फरकातून प्रवाह वाहत नाही, कारण वरचा कोरडा थर वीज सहजासहजी जाऊ देत नाही. खारभूमीच्या बांधाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे चटकन उमजेल. भरतीच्या वेळी बांधाच्या एका बाजूला पाणी चढलेले असते आणि दुसऱ्या बाजूला शेत कोरडे असते. पातळीत फरक असतो, पण बांध धड असेल आणि उघाडी, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याची झडप, बंद असेल तर पाणी जागेवरच राहते. बांधाला खांड पडली, की त्या एका ठिकाणी ओढ सुरू होते. कातडीच्या बाबतीत साठा आतल्या बाजूला असतो, त्यामुळे ओढ आतून बाहेर असते. एवढा फरक सोडला तर गोष्ट तीच आहे. कातडी कापली किंवा जळाली, की अडवलेला प्रवाह सभोवतालच्या धड कातडीखालून जखमेकडे वाहू लागतो.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८४३ च्या सुमारास स्वतःच्या बोटाला जखम करून हा प्रवाह मोजला होता. त्या काळच्या तारेच्या वेटोळ्यांच्या मापकावर एका माणसाच्या बोटातून निघणारा, एका मायक्रोअँपिअरच्या आसपासचा, म्हणजे अँपिअरच्या दहालक्षांश भागाइतका, प्रवाह पकडणे ही काय कसरत असेल, याची कल्पना करून पाहावी. पुढे सूक्ष्म मोजमापे झाली, तेव्हा सस्तन प्राण्यांच्या जखमेच्या काठाशी दर मिलिमीटरला साधारण १०० ते २०० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब आढळला.

पेशी त्या ओढीच्या दिशेने चालतात

उधाणाच्या रात्री बांध नेमका कुठे फुटला हे डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची ओढ कुठे लागते, त्यावरून माणसे फावडी घेऊन तिकडे धावतात. जखमेच्या काठावरील पेशी हेच करतात. प्रयोगशाळेतील काचपात्रात माणसाच्या कातडीच्या वरच्या थरातील पेशी ठेवल्या आणि जखमेत असतो तेवढ्याच ताकदीचा विद्युतदाब दिला, तर त्या ऋण टोकाकडे चालू लागतात. जखमेचा मध्य हा सभोवतालच्या तुलनेत ऋणच असतो, म्हणजे "ऋण टोकाकडे" याचा अर्थ "खांडीकडे". त्यांची चाल मिनिटाला सुमारे एक मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतके अंतर कापायला एखादा तास. चाल मंद असली तरी दिशा पक्की असते.

हा योगायोग नाही, हे २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी विद्युतदाबाची दिशा उलटी केली, तेव्हा पेशी जखम बुजवायचे सोडून जखमेपासून दूर जाऊ लागल्या. रसायनांचे संकेत, बाजूची मोकळी जागा, शेजारच्या पेशींचा दाब, हे सगळे जखमेकडे बोलावत असतानाही विजेचा इशारा वरचढ ठरला. पेशींच्या आतील कोणती जनुके हा इशारा वाचतात, त्यांपैकी दोन त्याच अभ्यासात पुढे आली.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती पुढे महत्त्वाची ठरते. सगळ्या पेशी एकाच दिशेने चालत नाहीत. जखमेतील मेलेला भाग खाऊन साफ करणाऱ्या माणसाच्या पेशी प्रयोगात धन टोकाकडे जाताना आढळल्या आहेत. म्हणजे एकाच प्रवाहातून वेगवेगळ्या कामगारांना वेगवेगळा निरोप मिळतो, आणि बाहेरून वीज देणाऱ्याला कोणाला आधी बोलवायचे हे ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट वयाची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या कातडीवर अगदी लहान जखमा करून हा विद्युतदाब मोजला गेला, तेव्हा ६५ ते ८० वर्षांच्या गटात तो तरुण गटाच्या जवळपास निम्मा भरला. आमच्या वाडीत आज निम्म्याहून अधिक घरांत फक्त म्हातारी माणसे राहतात आणि तरुण गणपतीला व शिमग्याला येतात. चुलीशी वावरणारा हात आणि मंदावलेला विद्युतदाब या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

भाजलेली जखम कापलेल्या जखमेपेक्षा वेगळी का

विळीने बोट कापले तर बांधाला एक स्वच्छ चीर पडते. दोन्ही काठ जिवंत असतात, मधले अंतर थोडे असते आणि रक्तपुरवठा शाबूत असतो. भाजल्यावर तसे नसते.

बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे सांगितले, आणि आजही डॉक्टर त्याच पट्ट्यांच्या भाषेत बोलतात. राब भाजून झाल्यावर शेताकडे पाहावे. मधोमध पालापाचोळ्याची राख झालेली असते, तेथे काहीही उरत नाही. सर्वांत बाहेर गवताला फक्त धग लागलेली असते, ते दोन दिवसांत पुन्हा तरतरीत होते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातील गवत होरपळलेले असते, पण मुळे जिवंत असतात. वेळेवर ओल मिळाली तर जगेल, नाही तर वाळेल. जखमेतही असाच मधला पट्टा असतो. तेथील बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या किंवा गुठळ्यांनी तुंबलेल्या असतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पट्टा वाचतो की मरतो, यावर जखम उथळ राहणार की खोल होणार हे अवलंबून असते. आज वरवरची वाटलेली जखम परवा खोल निघाली, असे पुष्कळदा घडते ते यामुळे. डॉक्टरांनी निदान चुकवले असे प्रत्येक वेळी नसते, जखमच बदललेली असते. शिवाय नुसत्या डोळ्यांनी खोली ओळखणे अनुभवी शल्यचिकित्सकांनाही सुमारे दोन-तृतीयांश वेळाच अचूक जमते.

भाजल्याने विजेच्या बाबतीत आणखी दोन अडचणी येतात. पहिली अंतराची. जखमेच्या काठाशी असलेली विद्युत ओढ काठापासून एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या अंतरातच विरते. बोटावरील चिरेला तेवढे पुरते, पण तळहाताएवढ्या भाजलेल्या भागाच्या मध्यभागी काठावरून काही निरोपच पोहोचत नाही. उथळ भाजलेल्या जखमा तरीही दोन-तीन आठवड्यांत भरतात, कारण केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी खोलवर शाबूत असतात आणि त्यांच्या भोवतीच्या पेशी वर येऊन पसरतात. पुराच्या पाण्यात शेतातील उंचवटे बेटांसारखे डोकावतात आणि पाणी ओसरताना एकमेकांना जोडले जातात, त्याप्रमाणे ही जिवंत बेटे पसरत एकमेकांना मिळतात. कातडीची पूर्ण जाडी जळाली तर बेटेच उरत नाहीत.

दुसरी अडचण कोरडेपणाची. मेलेल्या कातडीचा सुकलेला थर किंवा जाड खपली यांतून प्रवाह वाहत नाही. जखम "उघडी ठेवून सुकू द्यावी" हा आपल्याकडील जुना सल्ला या ठिकाणी उलटतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवले की पातळ प्लास्टिकने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने चढते. त्याचे श्रेय एकट्या विजेला देता येणार नाही, पण ओल असेल तरच प्रवाह टिकतो हे त्यातील एक कारण मानले जाते.

बाहेरून वीज देतात म्हणजे काय करतात

या उपचाराला विद्युत उत्तेजन म्हणतात. जखमेचा स्वतःचा प्रवाह क्षीण झाला असेल किंवा मध्यापर्यंत पोहोचत नसेल, तर बाहेरून तशीच ओढ निर्माण करायची, एवढीच त्यामागील कल्पना आहे. अपेक्षित फायदे पेशींना दिशा देण्यापुरते नाहीत. सूज उतरणे, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त अधिक वाहणे, नव्या रक्तवाहिन्या फुटणे आणि काही जंतूंची वाढ रोखली जाणे, हे परिणामही प्रयोगांत दिसले आहेत. वर सांगितलेल्या मधल्या पट्ट्याचा विचार केला, तर रक्तप्रवाह सुधारण्याचा मुद्दा मला पेशींच्या चालीइतकाच मोलाचा वाटतो.

जुन्या पद्धतीत सलाईनने भिजवलेले निर्जंतुक कापड जखमेवर ठेवून त्यावर यंत्राचे एक टोक आणि जवळच्या धड कातडीवर दुसरे टोक लावतात. बहुतेक पद्धतींत अर्धा ते एक तास, आठवड्यातून काही दिवस, असा क्रम असतो. प्रवाह सलग असेल तर तो काहीशे मायक्रोअँपिअर इतकाच ठेवतात आणि तो बहुधा जाणवतही नाही. तुटक ठोक्यांचा असेल तर मुंग्या आल्यासारखे वाटते.

दुसऱ्या प्रकारात यंत्रच नसते. कापडी पट्टीवर चांदी आणि जस्ताचे बारीक ठिपके छापलेले असतात, आणि पट्टी ओली झाली की ठिपक्याठिपक्यांमध्ये सूक्ष्म प्रवाह सुरू होतो. मिरकरवाड्याच्या किंवा मालवणच्या बंदरात ट्रॉलर दुरुस्तीला वर ओढलेला असताना त्याच्या बुडाशी, पंख्याजवळ, जस्ताचे ठोकळे ठोकलेले दिसतात. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांच्यात वीज वाहते आणि जस्त स्वतः झिजून पंख्याला वाचवते. पट्टीवरील ठिपक्यांचे काम त्याच नियमाने चालते. खारे पाणी मात्र जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाचे असते.

तिसरा प्रकार काकींच्या व्हिडिओतील. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या अशा एका पट्टीची माहिती नोव्हेंबर २०२२ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त आली. ती जखमेचे तापमान आणि विजेला होणारा अडथळा मोजते, ती माहिती वायरशिवाय पाठवते आणि गरज पडल्यास वीज देते. उंदरांवरील प्रयोगांत, ज्यांत भाजलेल्या जखमाही होत्या, जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. अशा पट्टीतील खरी नवलाई मला मोजण्यात वाटते. जखम बिघडू लागली हे पट्टी न सोडता कळले, तर दर दिवसाआड वेदना सोसून पट्टी बदलावी लागणार नाही.

"विजेनेच माणूस भाजतो, मग विजेनेच बरा कसा होईल?"

हा आक्षेप स्वाभाविक आहे. निसर्ग चक्रीवादळानंतर तुटलेल्या तारांची भीती ज्यांनी अनुभवली, त्यांना तर "वीज" आणि "औषध" हे शब्द एकत्र ऐकणेही जड जाईल. फरक मात्रेचा आहे. घरातील वीज २३० व्होल्टची असते, आणि माणसाला धक्का बसू नये म्हणून घरात जो सुरक्षा स्विच बसवतात, तो साधारणतः ३० मिलिअँपिअर प्रवाह गळताच पुरवठा तोडतो. उपचारातील ५०० मायक्रोअँपिअरचा सलग प्रवाह हा त्या मर्यादेच्या साठाव्या भागाइतका असतो. काही यंत्रे शंभराहून अधिक व्होल्ट देतात हे खरे, पण ते सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांपुरत्या ठोक्यांनी, त्यामुळे सरासरी प्रवाह अगदी थोडा राहतो. अंगावर धबधबा कोसळणे आणि अभिषेकपात्रातून थेंब पडणे, दोन्ही पाणीच.

या निमित्ताने एक गोष्ट सांगून ठेवतो. तारेचा धक्का बसून भाजलेल्या माणसाच्या अंगावरील जखम लहान दिसली तरी आत स्नायू जळलेले असू शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा माणसाला घरी ठेवू नये.

मग पुरावा कुठवर आला आहे?

पुराव्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काचपात्रातील पेशी विजेच्या ओढीने चालतात, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठ आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवले की छोट्या चिपवर वाढवलेल्या कातडीच्या पेशींतील जखम विजेच्या मदतीने सुमारे तिप्पट वेगाने भरते. बातम्यांत हेच "जखमा तिप्पट वेगाने भरणार" असे झाले, आणि त्या चिपवर रक्त नव्हते, जंतू नव्हते, भाजून मेलेली कातडी नव्हती, हे वाचकाला कळलेच नाही.

उंदरांच्या प्रयोगांबद्दलही एक सावधगिरी हवी. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आवळली जाऊन, पिशवीचे तोंड नाडीने ओढावे तशी, बंद होते. माणसाची जखम मुख्यतः नवी कातडी वर चढून भरते. म्हणून उंदरावरील टक्केवारी माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही. डुकराची कातडी आपल्याला अधिक जवळची आहे.

माणसांमधील सर्वांत भक्कम पुरावा भाजलेल्या जखमांचा नसून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शय्याव्रणांचा आणि तत्सम जुनाट जखमांचा आहे. अमेरिकेतील मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना २००३ पासून अशा काही जुनाट जखमांसाठी विद्युत उत्तेजनाचा खर्च देते, तोही नेहमीच्या उपचारांनी ३० दिवसांत जखम सुधारली नाही तरच. त्या यादीत शय्याव्रण आहेत, मधुमेहाचे व्रण आहेत, पायाच्या शिरांच्या विकाराचे व्रण आहेत. ताज्या भाजलेल्या जखमा नाहीत.

भाजलेल्या रुग्णांवरील अभ्यास आहेत, पण लहान आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खोल भाजल्यामुळे कातडीचे रोपण केलेल्या ३० रुग्णांना घेतले होते. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या पट्टीतून सूक्ष्म प्रवाह दिलेल्या गटात जखम बंद व्हायला सरासरी ४.६ दिवस लागले, तर फक्त पट्टी लावलेल्या गटात ७.२ दिवस. आकडा लक्षवेधी आहे. पण तीस रुग्ण म्हणजे एका एस.टी.त बसतील इतकी माणसे, आणि एवढ्यांवरून जगभराचा उपचारक्रम बदलत नाही. त्यातच प्रत्येक संशोधकाचे यंत्र वेगळे, प्रवाहाचा प्रकार वेगळा, जखमेवर धन टोक लावायचे की ऋण याचाही क्रम वेगळा. त्यामुळे दहा अभ्यासांची बेरीज करायला जावे, तर ते दहा वेगवेगळे उपचार निघतात. एकाच माणसाच्या हातावर दोन बोटांच्या अंतरावर भाजण्याची खोली निराळी असते, ही अडचण आणखी वेगळीच.

या सगळ्यामुळे भाजलेल्या जखमांसाठी विद्युत उत्तेजन आजही नेहमीच्या उपचारक्रमाचा भाग नाही. ते आशादायक आहे, आणि "आशादायक" हा शब्द मी येथे मोजूनमापून वापरत आहे.

"कंबरेला लावतो ते मशीन हातावर लावले तर काय बिघडते?"

पुष्कळ बिघडते. सलग प्रवाह ओल्या जागेतून जाताना एका टोकाशी आम्ल आणि दुसऱ्या टोकाशी अल्क तयार होते. प्रवाह थोडा जास्त झाला किंवा जास्त वेळ राहिला, तर त्या रसायनांनीच कातडी भाजते, म्हणजे भाजलेल्यावर पुन्हा भाजणे. धड कातडीचा कोरडा थर आपल्याला विजेपासून बराच वाचवतो; जखमेवर तो थर नसल्याने, कंबरेवर जेमतेम जाणवणारा तेवढाच दाब तेथे कितीतरी अधिक प्रवाह ढकलतो. वेदना कमी करण्यासाठीची घरगुती यंत्रे नसांना गुंगवण्यासाठी बनवलेली असतात, पेशींना दिशा देण्यासाठी नव्हेत, आणि त्यांच्या चिकटपट्ट्या निर्जंतुक नसतात. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, ज्यांच्या जखमेत कर्करोगाची शंका आहे किंवा हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग आहे, त्यांच्यासाठी तर हे अधिकच धोक्याचे आहे.

टॉर्चचे सेल आणि तांब्याची तार यांचे प्रयोग मोबाइलवर दिसतात. त्यांविषयी वेगळे काही लिहीत नाही.

आज, आपल्या हाताशी काय आहे

भाजल्या क्षणी जे करायचे असते, त्यातच सर्वांत मोठा फायदा आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. विहिरीचे, नळाचे, पंपाचे पाणी चालते. बर्फ नको, कारण त्याने त्या मधल्या पट्ट्यातील रक्तवाहिन्या आणखी आकसतात. वीस मिनिटे हा फार मोठा वेळ वाटतो. घड्याळ लावून पाहिले तर बहुतेक जण दोन मिनिटांत हात काढून घेतात. पहिल्या घाईत राहून गेले असेल, तर तीन तासांच्या आत केले तरी उपयोग होतो. लहान मूल असेल तर बाकीचे अंग पांघरुणात उबदार ठेवावे. अंगठ्या आणि बांगड्या सूज चढण्याआधी काढाव्यात. खोबरेल, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. त्याने उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना खोली ओळखणे आणखी कठीण जाते. नंतर स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. काजूचा चीक लागला असेल, तर हाताला राख चोळून काम पुढे रेटण्यापेक्षा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुऊन त्या दिवशीचे काम थांबवणे बरे. मजुरी बुडते हे ठाऊक असूनही हे लिहितो आहे.

चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, जागा पांढरी किंवा चामड्यासारखी होऊन दुखत नसेल, तर वाट पाहू नये. न दुखणारी जखम ही चांगली खूण नसते. तेथील नसाच जळालेल्या असतात.

काकींना मी शेवटी सांगितले ते असे. त्यांची जखम उथळ होती, ओलसर पट्टीखाली भरत होती आणि तिचा स्वतःचा प्रवाह चालू होता. त्यांना बाहेरच्या करंटची गरज नव्हती. साखर आटोक्यात ठेवण्याची आणि पेजेबरोबर उसळ, अंडे, मासे खाण्याची होती, कारण पेशींना वाट दाखवली तरी चालायला ताकद अन्नातूनच येते. त्यांना हे फारसे पटले नाही. व्हिडिओतील पट्टी त्यांना अधिक आवडली होती.

ज्यांची कातडी पूर्ण जाडीने जळाली आहे, त्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे दिशा दाखवायला वीज दिली, तरी चालायला पेशीच उरलेल्या नसतात. अशा रुग्णाला कातडीच लागते: स्वतःच्या मांडीची, आणि ती पुरत नसेल तर काही आठवड्यांपुरते झाकण म्हणून दुसऱ्याची. नवी मुंबईत ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा दान केलेल्या कातडीची पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून कातडीचा अगदी पातळ थर काढतात, त्याला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ती सुमारे पाच वर्षे टिकते. नेत्रदानाचे अर्ज आमच्या गावच्या शिबिरात दरवर्षी भरले जातात. त्वचादानाचा अर्ज मी अजून तेथे पाहिलेला नाही.